वडिलांचे नाव अवैध आहे

शाहूपुरीत गुळाच्या एका अडत दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, चार संगणक आणि सर. सर माझ्याहून थोडेच मोठे. पुण्यातली चांगली नोकरी सोडून परत आलेले, आणि का आलात असं कुणी विचारलं की "तिथं मटण धड मिळत नाही" एवढंच सांगणारे. दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. मी इंजिनीअरिंग संपवून नुकतीच तिथं चिकटले होते. खालच्या गुळाचा वास दिवसभर वर येत राहायचा आणि मुंग्या कीबोर्डात संसार थाटायच्या. एखादं बटण दाबलं गेलं नाही की आम्ही कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटायचो.

त्या वर्षी आम्हाला एका वधूवर मंडळाची वेबसाइट मिळाली. मंडळ चालवणाऱ्या बाई हायस्कुलात आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. घरच्या पुढच्या खोलीत त्यांचं मंडळ चालायचं. मुलंमुली पुण्याला, बंगळूरला, परदेशात जायला लागली, आईबापांना लांबून स्थळं बघायची होती, म्हणून बाईंना वेबसाइट पाहिजे होती. त्यांची अट एकच. "सगळं मराठीत. आणि शुद्ध."

सरांनी मला काम दिलं ते चुकांचं. कुणी माहिती भरताना चुकलं तर संगणकानं काय म्हणायचं, ते ठरवायचं.

"हे बघ," सर म्हणाले, "नियम मी प्रोग्रामच्या एका फाइलमध्ये, मॉडेलमध्ये, लिहून ठेवलेत. नाव पाहिजेच, जन्मतारीख उद्याची नको, उंची आकड्यातच. नियम मोडला की संदेश आपोआप येतो. पण येतो इंग्रजीत. तू फक्त मराठी कर."

फक्त मराठी कर! मला वाटलं दुपारच्या चहापर्यंत संपेल. बसले तेव्हा कळलं की ते सॉफ्टवेअर संदेश जोडून बनवायचं. रकान्याचं नाव पुढं घ्यायचं आणि त्याच्यामागं एक ठरलेला तुकडा चिकटवायचा. इंग्रजीला त्याचं काही नाही. पण मराठीत नाव चुकीचं, उंची चुकीची आणि पगार चुकीचा. तुकडा एकच द्यायचा, मग त्याचं लिंग काय ठेवू? सकाळभर मी "चुकीचे/ची/चा" असं तिरक्या रेघा मारून बघितलं. ते रेशन कार्डासारखं दिसायला लागलं.

मग मला शब्द सापडला. अवैध. तो नपुंसकलिंगी चालतो, स्त्रीलिंगी चालतो, पुल्लिंगी चालतो, आणि वर शुद्ध आहे. नाव अवैध आहे. उंची अवैध आहे. पगार अवैध आहे. मी खुर्चीतून उठून सरांना दाखवला. सर म्हणाले, "वा! शब्द काढलास." भरायचं राहिलेल्या रकान्यांसाठी मी "रिक्त असू शकत नाही" असा दुसरा तुकडा केला. तोही कुठल्याही लिंगाला चिकटायचा. चहा यायच्या आत माझं काम संपलं आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

वेबसाइट चालू झाली. पहिला आठवडा शांततेत गेला. दुसऱ्या आठवड्यात जिना धडधडायला लागला.

पुढं बाई, धापा टाकत. त्यांच्या मागं पांढरा शर्ट घातलेले एक उंचेपुरे गृहस्थ. ते बिद्रीहून पहिल्या एसटीनं आले होते. आधी बाईंच्या घरी गेले, आणि बाईंनी त्यांना सरळ आमच्याकडं आणलं.

"कोण हाय हितं कंप्युटरवालं?" गृहस्थांनी दारातूनच विचारलं.

सरांनी तेवढ्यात मोबाईल कानाला लावला आणि "हां, बोला, बोला" करत ते आतल्या खोलीत गेले. मोबाईल वाजलेला नव्हता. मग मीच उरले.

"मी आहे, काका. बसा."

"बसायला न्हाय आलो. माझ्या पोरीची म्हायती भराय आमी नेट कॅफेत गेलतो. सगळं भरलं. बटण दाबलं. तर लाल अक्षरात काय आलं, म्हाईत हाय?"

मला माहीत नव्हतं.

"वडिलांचे नाव अवैध आहे!" त्यांनी ते इतक्या मोठ्यानं म्हटलं की खालच्या दुकानातला हमालांचा आवाज बंद पडला. "पोरगी माझी हाय. नाव माझं हाय. आन् त्यो म्हंतोय अवैध! मागं चार माणसं हुबी हुती. ती वाचाय लागली. पोरगी रडकुंडीला आली. घरात मालकिणीला कळलं तर माझं काय हुईल?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रागावल्यात असं मला वाटलं. नंतर कळलं की हसू दाबत होत्या.

मी त्यांनी भरलेली माहिती उघडली. वडिलांच्या नावापुढं त्यांनी रीतीप्रमाणे श्री लिहून टिंब दिलेलं होतं. सरांचा नियम असा होता की नावात अक्षरंच पाहिजेत. टिंब हे अक्षर नव्हे.

"काका, तुमचं नाव बरोबरच आहे. फक्त श्रीपुढचं टिंब त्याला चालत नाही."

"टिंब?"

"टिंब."

ते पडद्याकडं वाकून बघत राहिले. मग खुर्ची ओढून एकदाचे बसले. "मग तसं सांगायचं की! पावणं, टिंब काढा, म्हनायचं. एवढ्यासाठी माझ्या बापजाद्यास्नी कशाला मधी आणायचं?"

"पावणं नाही म्हणता येणार," बाई म्हणाल्या. "ही मंडळाची वेबसाइट आहे. 'कृपया' पाहिजे."

"किरपया कशाला? किरपया म्हटलं की मानसाला वाटतं पैसं भरायचं राह्यलंय."

"कृपया हा सभ्य शब्द आहे."

"सभ्य हाय, पर वीज बिलावर असतोय त्यो."

हे पुढं बराच वेळ चाललं. तोवर सर फोन संपवून बाहेर आले आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. मी वही न काढता पडद्यावरच एकेक वाक्य लिहीत होते. दोघं दोन्ही बाजूंनी मान घालून बघत होते. उंचीपाशी आल्यावर मी विचारलं, "पाच फूट दोनऐवजी कुणी नुसतं 'मध्यम' लिहिलं तर काय म्हणू?"

"पोरगं काय चहाय व्हय, मध्यम असाय?" काका म्हणाले. "असं लिवा."

"असं काहीही लिहायचं नाही," बाई म्हणाल्या. शेवटी 'उंची फूट आणि इंचांत लिहा' हे ठरलं. कृपया नाही, पावणंही नाही. दोघंही थोडे नाराज झाले, म्हणजे वाक्य बरोबर जमलं असावं.

जाताना काकांनी श्रीपुढचं टिंब स्वतःच्या हातानं काढलं. बटण दाबलं, नोंदणी झाली. मग जिन्यात थांबून मला म्हणाले, "चुकलं तर चुकलं म्हना. पर काय चुकलं त्ये सांगा." बाई खालून ओरडल्या, "अहो चला, एसटी जाईल!"

सरांनी त्याच दिवशी मला तुकडे चिकटवायचं बंद कसं करायचं ते दाखवलं. प्रत्येक नियमाला त्याचं स्वतःचं पूर्ण वाक्य देता येत होतं. "आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं. "तू शब्दच इतका भारी काढलेलास," सर म्हणाले. बाईंना मी सगळी वाक्यं छापून दिली. त्या लाल पेनानं तपासून परत पाठवायच्या, समासात 'र्‍हस्व!' असं लिहून. एका पानावर तर त्यांनी मला दहापैकी सात गुण दिले होते.

सगळी वाक्यं अजून बदलून झाली नव्हती, तेव्हाच मी आमच्या आण्णांना, म्हणजे वडिलांना, एक काम सांगितलं. आण्णा टपाल खात्यात. माहिती अचूक भरणं हा त्यांचा आवडता खेळ. मला कुणीतरी साधा माणूस वापरून बघणारा पाहिजे होता. रविवारी सकाळी त्यांना ऑफिसात घेऊन गेले आणि म्हटलं, "काहीही खोटं नाव टाका आणि भरत जा. कुठं अडतं तेवढं सांगा."

"खोटं कशाला? घरात खरी पोरगी असताना?" असं म्हणून ते माझीच माहिती भरायला बसले. मी शेजारच्या टेबलावर माझं काम करत होते. त्यांचं एक बोट हळूहळू चालल्याचं ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

"बाळ, हे बघ काय म्हणतंय."

मी उठून गेले. धर्माच्या रकान्यात त्यांनी बौद्ध लिहिलं होतं. खालचा रकाना मोकळा सोडला होता. वर लाल अक्षरं होती. 'जात रिक्त असू शकत नाही.'

तो तुकडा मी एकदाच लिहिला होता. तो कुठंकुठं जाऊन चिकटणार हे सॉफ्टवेअर ठरवत होतं, आणि हे वाक्य असं पूर्ण मी पहिल्यांदाच वाचत होते. आण्णा मात्र चष्मा पुसत होते, चेहऱ्यावर मिस्कील हसू.

"ह्याला सांग," ते म्हणाले, "असू शकती. तुझ्या आज्ज्यानं छप्पन सालीच रिक्त केली."

मग ते मोठ्यानं हसले. मीही हसले, पण डोळे भरून आले. त्यांनी ते बघितलं नसल्यासारखं केलं आणि चहाला चला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या घरी गेले. आण्णांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मुली, नियम माझ्या छापील अर्जातूनच घेतलाय. लोक पहिल्यांदा तेच बघतात."

"बघू देत, बाई. ज्यांना लिहायचंय ते लिहितील. पण लिहिल्याशिवाय पुढं जाऊच द्यायचं नाही, हे कशाला? आम्ही तिथं काय लिहायचं?"

"विचार करते," त्या म्हणाल्या. त्यांचा स्वर असा होता की मला वाटलं, संपलं. आठवडाभर फोन नाही. सरांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी नियम काढतो, त्या काय मॉडेल उघडून बघणार आहेत?" मी नको म्हटलं. चोरून काढलेला नियम मला नको होता.

मग एका सकाळी बाई स्वतः जिना चढून आल्या. अर्जाची छापील प्रत पर्समधून काढली. जातीच्या रकान्यापुढं, तो भरणं सक्तीचं असल्याची चांदणी होती, तिच्यावर लाल पेनानं काट मारली आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

"वरच्या जातीच्या घरांतले दोनचार लोक कुरकुर करतील," त्या म्हणाल्या. "करू देत. मी कुरकुर करणारी पोरं चाळीस वर्षं सांभाळलीत. आता तिथं संदेश कोणता येणार?"

"काहीच नाही."

"बरं झालं. तपासायला एक वाक्य कमी."

त्या दुपारी सरांनी नियमाची ती ओळ काढली. मी आण्णांना पोस्टात फोन करून सांगितलं. पुढच्या रविवारी ते नवा शर्ट घालून ऑफिसात हजर. अर्धवट राहिलेली माहिती त्यांनी पुन्हा पहिल्यापासून भरली. या वेळी काही अडलं नाही. मला वाटलं, चाचणी झाली, आता आपण ही नोंद पुसून टाकू. मग मी विसरून गेले.

सोमवारी बाईंचा फोन आला तो सरांनी उचलला. ऐकत ऐकत त्यांचा चेहरा फुलत गेला. त्यांनी फोनचं स्पीकरचं बटण दाबलं.

"अगं, तुझी नोंदणी बघितली," बाई म्हणत होत्या. "शुद्धलेखन चांगलं आहे वडिलांचं. फोटो का नाही लावला? आणि अपेक्षांच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलंय, ते वाचलंस का?"

मी वाचलं नव्हतं. सरांनी माझ्या आधी पान उघडलं आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं वाचून दाखवलं.

'मुलगा ऐकून घेणारा असावा. मुलगी बोलणारी आहे.'