नाव बुडवणारे फिटरमामा

दौंडचे फिटरमामा माणसांना अरे-तुरे करत आणि यंत्रांना अहो-जाहो. उभी हयात रेल्वेत नटबोल्ट पिळण्यात गेलेली. शेतातल्या मोटरीलासुद्धा ते आधी ‘दमलात व्हय?’ असं विचारत आणि मगच पाना लावत.

वडगाव रासाईला आमची लाकडी नाव होती. पूल व्हायच्या आधी माझे वडील, आबा, तिच्यातून माणसांना भीमेपलीकडे पोचवायचे. पुढे ती काठावर पडून राहिली. इंजिन विकलं, पण डिझेलची भलीमोठी लोखंडी टाकी पोटात तशीच राहिली. तिच्या गंजानं तळाच्या फळ्या कुजत चालल्या होत्या. आबांना पुन्हा एकदा नाव वल्हवायची होती, म्हणून मी मामांना बोलावलं.

टाकी इतकी अडकून बसली होती की खाली हात शिरेना. चेनपुलीनं ओढायला गेलो तर एक फळीच कडाडली. नावेची बाजू कापू या, असं मी सुचवलं. मामांनी टाकीवर तळहात ठेवला.

“दमा जरा. तुम्ही आपल्या आपणच बाहेर येणार हायसा.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “पोरी, नाव बुडव.”

हे ऐकून आबा नदीकडं पाठ करून बसले.

मामांनी टाकी आतून धुऊन घेतली, तिला आवळलेल्या पट्ट्या सोडल्या, सगळी तोंडं गच्च बंद केली. नाव उथळ पाण्यात ढकलली. वाळलेल्या फटींतून पाणी आत शिरत गेलं आणि ती तळाला टेकली. कडा तेवढ्या चार बोटं वर. मामा कोरड्यातूनच हुकूम सोडत होते. तेवढ्यात आत करकरलं आणि टाकी म्हशीसारखी पाठ वर काढून तरंगायला लागली. गावातल्या चौघांनी ती अलगद बाहेर घेतली. आबा हसत कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते.

कुजलेल्या फळ्या बदलून, फटींत डांबर भरून झालं, तेव्हा पहिल्या फेरीचा मान मामांना दिला. ते जागचे हलेनात. शेवटी हळूच म्हणाले, “मला पवता येत न्हाई. नावंत कवा बसलोच न्हाई मी.”

आबांनी त्यांचा हात धरून आत घेतलं. अर्ध्या नदीपर्यंत मामांचे डोळे मिटलेले. पलीकडं पोचल्यावर मात्र उतरायलाच तयार नाहीत. त्या दिवशी सात फेऱ्या झाल्या आणि दौंडची शेवटची एसटी चुकली.

गेल्या वर्षी मामा गेले. निरोप आला तेव्हा आबांनी एकट्यानं नाव सोडली. मधोमध जाऊन वल्ही वर घेतली आणि ती वाहील तिकडं जाऊ दिली.