खालीला हवेत, समेला हातात

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. स्वयंपाकघराच्या माळ्यावर रिकाम्या बरण्या साठतात तसे ते साठतात. एकही टाकवत नाही, आणि एक काढायला जावं तर दुसऱ्या चार खडखडतात.

शैला, माझी बायको, गेली त्याला आता वर्ष होईल. भेटायला येणारे पहिली पाच मिनिटं तिच्याबद्दल बोलतात. मग खुर्चीत जरा मागे रेलतात आणि म्हणतात, "त्या बस्त्यावचा तो किस्सा आठवतो का रे?" मला त्याचं वाईट वाटत नाही. बस्त्यावच्या प्रत्येक किश्शात शैला कुठे ना कुठे बसलेली असतेच. बहुतेक वेळा मांडीवर ताल देत.

तर बस्त्याव. अंधेरीच्या गावठाणातला ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा मराठी ख्रिस्ती मुलगा, दिवसा बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला. साठच्या दशकात गल्लोगल्ली बीट ग्रुप निघाले तेव्हा त्याच्या गल्लीतही एक निघाला : 'द रॉकिंग पाम्स'. पाम्स म्हणजे मागच्या वाडीतली ताडाची झाडं. तीन गिटारी, एक ड्रमसेट आणि टॅम्बोरिनवर बस्त्याव. लीडर लेस्ली. तालीम त्याच्या काकांच्या गोठ्यात चाले. म्हशी विकल्या होत्या, वास राहिला होता.

मी पार्ल्याचा. माझं तिथलं काम एवढंच, की अॅम्प्लिफायर बिघडला की दुरुस्त करायचा. तो कायमच बिघडलेला असे, म्हणून मी कायमच तिथे असे.

या सगळ्या किश्शांच्या मुळाशी एकच भांडण आहे. लेस्ली म्हणे, बस्त्याव वाजवत नाही, नाचतो. शैला म्हणे, तो एकटाच वाजवतो. बस्त्यावला यातलं खरं काय ते हवं होतं, आणि ते तो फक्त शैलाला विचारत असे.

*

पहिलं टॅम्बोरिन बस्त्यावनं स्वतः बनवलं होतं. विकतचं मिळत नव्हतं अशातला भाग नाही, पण विकत घेणार कोण! आईची पीठ चाळायची चाळण घेतली, जाळी काढून फेकली, कडेला खाचा पाडल्या आणि सोड्याच्या बाटल्यांचे बिल्ले ठोकून सपाट करून खिळ्यांवर ओवले.

आवाज झकास आला. इतका झकास, की आई चुलीपुढून उठून बाहेर आली. तिनं ते गोल लाकूड ओळखलं.

"मना सांग," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाकरी आता कशाची करू? तुज्या गान्याची?"

पुढे त्यानं खरं टॅम्बोरिन घेतलं, तेव्हा आधी आईला नवी चाळण आणली. शेजारच्या काकू मात्र शेवटपर्यंत म्हणत, "एवढं इंग्लिश गाणं, नि वाजवतोय काय, तर आमच्या भजनातली खंजिरी!"

*

शैलाला मी पहिल्यांदा गोठ्यात नेलं ते आमचं लग्न झाल्यावर लगेच. ती गाणं शिकलेली, घरात तंबोरा. मला धास्ती होती की ती पाच मिनिटांत पदराखाली कान झाकेल.

बँडचं स्वतःचं असं एकच गाणं होतं. त्याला नाव नव्हतं, सगळे 'गोठ्यातलं' म्हणत. ते सुरू झालं. बस्त्यावनं टॅम्बोरिन गुडघ्यावर आपटलं, कोपरावर आपटलं, गिरकी घेतली, ते वर उडवलं, पाठीमागे झेललं. गल्लीतली पोरं दारात उभी राहून शिट्ट्या मारत होती. शैला एका उलट्या घमेल्यावर बसून मांडीवर ताल देत होती. टाळी, टाळी, हात उलटा, टाळी.

गाणं संपल्यावर लेस्लीनं अदबीनं विचारलं, "वैनी, कसं वाटलं?"

"तुमच्यात एकच माणूस समेवर येतो," शैला म्हणाली.

लेस्लीनं केस मागे सारले. "थँक्यू, वैनी!"

"तुम्ही नाही. तो, उड्या मारतो तो."

सगळे हसले. शैला हसली नाही. तिनं मला नंतर समजावून सांगितलं. ताल जिथून सुरू होतो ती सम; आणि त्यातच एक जागा रिकामी सोडलेली असते, तिला खाली म्हणतात. तिथे टाळी वाजवायची नाही, हात नुसता उलटा करायचा. बस्त्याव टॅम्बोरिन उडवतो ते तिथे. खालीला हवेत, समेला हातात! "त्याला खालीची जागा कुणी शिकवलेली नाही," ती म्हणाली, "पण ती सोडून तो एकदाही उडवत नाही. बघ तू."

मी बघू लागलो. त्यानंतर बँड ऐकताना बाकीचे कुठे बिघडतात तेच मला ऐकू येऊ लागलं.

त्या दिवशी आम्ही निघताना बस्त्याव मागोमाग फाटकापर्यंत आला. टॅम्बोरिन टॉवेलात गुंडाळलेलं, अंगाला बिस्किटांचा वास.

"वैनी, कुठं चुकलो?"

"शेवटी घाई केलीस."

तो खूश होऊन गेला. बाकी सगळे त्याला 'काय उडी मारलीस यार' म्हणत. चूक सांगणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

*

पार्ल्याच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला ऐन गाण्यात वीज गेली. गिटारी एकदम मुक्या. ड्रमर अंधाराला घाबरायचा, त्यानं काठ्या खाली ठेवल्या. आता हॉलमध्ये दंगा होणार, खुर्च्या उडणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

अंधारात टॅम्बोरिन सुरूच राहिलं. त्यानं ना वेग वाढवला ना आवाज. पोरं हळूहळू टाळ्यांनी साथ देऊ लागली. तेवढ्यात प्राचार्य टॉर्च घेऊन स्टेजजवळ आले. शिस्तीचे गृहस्थ, कोट, टोपी. त्यांनी काय चाललंय ते पाहायला टॉर्च मारला, तर प्रकाशाच्या गोलात लाल सॅटिनच्या शर्टातला बस्त्याव! तो डावीकडे सरकला, टॉर्चही सरकला. तो उजवीकडे गेला, टॉर्चही गेला.

मग तो बसून उभा राहत गिरकी घेऊ लागला, तेव्हा प्रकाश जरा मागे पडला. मागून एका पोराचा आवाज आला, "सर, लक्ष कुठे आहे?"

आणि सर चक्क "सॉरी" म्हणाले!

वीज आली तेव्हा तिन्ही गिटारींनी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून गाणं धरलं. "लेस्ली रस्ता विसरला," शैला माझ्या कानात म्हणाली.

*

गावठाणातल्या चर्चचे फादर डिसिप्लिनचे कडक. बस्त्याव रविवारी मिसाला, म्हणजे उपासनेला, येताना टॅम्बोरिन कोटाच्या आत घालून आणतो, कारण मिसानंतर थेट तालमीला जायचं असतं, हे त्यांना कळलं होतं. टॅम्बोरिन वाजवणं सोपं. न वाजवता नेणं महाकठीण. श्वास घेतला तरी चकत्या किणकिणतात.

त्या रविवारी बस्त्याव गुडघ्यांवर बसला, उठला, पुन्हा बसला, कम्युनियन घेऊन आला. कुठे टिंग नाही. मिस संपल्यावर फादर मुद्दाम दारात थांबले. "कसा आहेस बस्त्याव?" म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर सणसणीत थाप मारली.

आवाज नाही!

फादरनी आणखी एक मारली. मग "गॉड ब्लेस यू" म्हणाले, पण जरा नाराज दिसले.

*

आता उंबराच्या पाण्याचा किस्सा. ईस्ट इंडियन लग्नात आदल्या दिवशी बाया नटूनथटून, घागरी घेऊन, वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरा-नवरीच्या अंघोळीसाठी पाणी आणतात. हे उंबराचं पाणी. पुढे बँड, मागे बाया, हा रिवाज.

लेस्लीच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. उंबराच्या पाण्याला पितळी बँड ठरवलेला, आणि तोवर मांडवात करमणूक म्हणून रॉकिंग पाम्स. पितळी बँडवाले मागच्या अंगणात जेवत होते.

लेस्लीनं त्या दिवशी स्वतःसाठी गिटारचा एक लांबलचक सोलो बसवला होता. तो डोळे मिटून वाजवायचा. त्याच्या सोलोत मध्येमध्ये येऊ नये म्हणून बस्त्याव वाजवत वाजवत स्टेजवरून उतरला आणि लोकांमधून चालत मांडवाच्या दारापर्यंत गेला. त्याची नेहमीची स्टाइल.

पण म्हाताऱ्या बायांनी काय पाहिलं? वाजवणारा दाराकडे निघाला. म्हणजे वेळ झाली! एक उठली, घागर उचलली. ती उठली म्हणून दुसरी. बघता बघता सगळा मांडव लुगडी सावरत बाहेर. बस्त्यावनं वळून पाहिलं तर मागे अख्खी वरात. आता थांबणार कसा? त्यालाही रिवाज माहीत होता. वाजवणाऱ्यानं विहिरीशिवाय थांबायचं नसतं. तो वाजवत वाजवत त्यांना विहिरीवर घेऊन गेला. शैलाही त्यात होती, कुणीतरी तिच्या हातात घागर दिली होती.

इकडे लेस्लीनं सोलो संपवून डोळे उघडले. समोर रिकाम्या खुर्च्या, एक कुत्रा आणि तोंड पुसत उभे असलेले पितळी बँडवाले.

तेवढ्यात भरलेल्या घागरी घेऊन बाया परत आल्या. लेस्लीची आजी स्टेजजवळ थांबली. "पानी आलं पन," ती म्हणाली. "तुमी कोनासाटी वाजवताव?"

*

लेस्लीला ते लागलं. पुढे शहरात बँडची एक स्पर्धा होती. त्यानं जाहीर केलं, "अपने को म्युझिक करनेका है यार, सर्कस नही." बस्त्यावला वगळलं. अॅम्प्लिफायर उचलायला मात्र बोलावलं!

बस्त्याव आला. त्यानं अॅम्प्लिफायर उचलला, स्टेजवर ठेवला आणि मागच्या रांगेत आमच्या शेजारी येऊन बसला. मांडीवर टॉवेलाची गुंडाळी.

गाणं सुरू झालं आणि पळायलाच लागलं. ड्रमर घाबरून पुढे, गिटारी त्याच्या मागे. शैलाचा ताल देणारा हात मांडीवरच थांबला.

"पळतायत," ती म्हणाली.

बस्त्यावचा चेहरा मला अजून आठवतो. स्वतःचं मूल रस्त्यात धावत सुटलेलं बघावं तसा.

"बस्त्याव," शैला पुढे बघतच म्हणाली, "टॉवेल काढ."

त्यानं काढला. जागेवरून उठला नाही, उडी नाही, गिरकी नाही. बसल्या बसल्या नुसता ठेका धरला. आधी ड्रमरनं मान वर केली, मग गाणं हळूहळू जागेवर आलं, बावरलेलं जनावर खुंट्याशी येतं तसं. शैलाचा हात पुन्हा चालू झाला.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एकानं लेस्लीला गाठून विचारलं, "बँड ठीक आहे. पण मागे बसलेला तो कोण?"

टेम्पोत सामान चढवताना लेस्ली बस्त्यावला म्हणाला, "पुढच्या वेळी वर ये. खालून वाजवतोस तर आमची इज्जत जाते."

बस्त्याव मात्र शैलाकडे वळला होता. "वैनी, कुठं चुकलो?"

"सुरू करायला उशीर केलास."

*

सत्तरनंतर ग्रुप फुटला. लेस्ली परदेशी गेला, ड्रमर बँकेत चिकटला, गोठ्याच्या जागी बिल्डिंग आली. बस्त्याव बिस्किटांतच राहिला. लग्नांना, गावठाणाच्या सणांना वाजवायचा. पोट सुटलं होतं, गिरकी अर्धीच येत होती. शैला जमेल तिथे जायची आणि तो फाटकापर्यंत येऊन विचारायचा.

मग शैला आजारी पडली. शेवटचे आठवडे इस्पितळात गेले. एका दुपारी भेटीच्या वेळेला ती मला म्हणाली, "बस्त्यावचं वाजवणं एकदा ऐकायचं होतं." मी म्हटलं, "इथे?" भिंतीवर 'शांतता राखा' अशी मोठी पाटी होती. ती म्हणाली, "असू दे, सहज म्हटलं." मी हे बस्त्यावला सांगितलं, तेही सहजच.

दुसऱ्या दुपारी तो आला. अंगात रेनकोट, बाहेर लख्ख ऊन. कॉटच्या पायथ्याशी उभं राहून त्यानं रेनकोट काढला. आत लाल सॅटिनचा शर्ट. बटणं लागत नव्हती. हातात टॅम्बोरिन, आणि त्या रविवारी मिसाला भरला होता तसा चकत्यांच्या मधेमधे कापूस घट्ट भरलेला.

"वैनी, कुठलं?"

"गोठ्यातलं," शैला म्हणाली. जेमतेम ऐकू जाईल एवढंच तिला बोलता येत होतं.

बस्त्यावनं सुरू केलं. गुडघा, कोपर, गिरकी, आणि टॅम्बोरिन वर. आवाज काहीच नाही. शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. मेट्रन दारात आली. तिनं पाटीकडे बघितलं, मग बस्त्यावकडे. तो नक्की कुठला नियम मोडतोय ते तिला ठरवता येईना. ती तशीच उभी राहिली.

मला काही ऐकू येत नव्हतं. मी शैलाच्या हाताकडे बघत होतो. चादरीवर बोटं चालली होती. टाळी, टाळी, हात उलटा, टाळी.

गाणं संपलं असावं, कारण बस्त्याव थांबला. धाप लागली होती. घाम पुसत तो उशाशी आला आणि वाकला.

"वैनी, कुठं चुकलो?"

"तिसऱ्या कडव्यात," शैला म्हणाली. "समेला उशीर झाला."

बस्त्यावनं मान हलवली, परत कॉटच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला, आणि पहिल्यापासून सुरू केलं.