हिरव्या ठिपक्याची शिक्षा

फरशी बसवणाऱ्या त्या मिस्त्रींना सगळे लेव्हलकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत गुडघे टेकून काढली होती. कुणाच्याही घरात शिरले की त्यांची नजर आधी जमिनीवर जायची, मग माणसांवर. बायको थट्टा करायची, "पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हाही माझ्याआधी फरशीच बघितलीत." ते शांतपणे म्हणायचे, "एका कोपऱ्यात पोकळ वाजत होती."

त्यांचं घर विमानतळाजवळ, उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली. विमान आलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या. मग दोघं अर्धं वाक्य तोंडात धरून ठेवायची आणि आवाज सरला की उरलेलं पुरं करायची. शेवटच्या वर्षी बायको अंथरुणाला खिळली तरी ही सवय सुटली नाही. एका बुधवारी दुपारी ती गेली. काका शेजारीच बसले होते.

पुढच्या आठवड्यात ते कामावर हजर झाले आणि अर्धवट राहिलेलं एक न्हाणीघर पुरं केलं. मुलगी लांबच्या शहरात राहायची. ती रोज फोन करून विचारायची, "बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

ते मात्र त्यांना आठवायचं नाही. रडूही येत नव्हतं. दाताला भूल दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं अंगच झालं होतं.

मोठ्या हॉलमध्ये पार दुसऱ्या टोकाच्या कामगाराला नेमकी जागा दाखवता यावी म्हणून त्यांनी एक जोरकस हिरवा लेसर घेतला होता. डोळ्यांवर किंवा विमानांवर मारू नये, असं त्याच्या खोक्यावर छापलं होतं. काकांनी ते वाचलं होतं. पुढे कोर्टातही त्यांनी ते लपवलं नाही.

संध्याकाळी ते गच्चीवर जाऊन बसू लागले. आधी समोरच्या पाण्याच्या टाकीवर ठिपका मारून झाला, मग लांबच्या टॉवरवर. एके दिवशी डोक्यावरून विमान आलं आणि हात आपसूक वर गेला. विमानाचं पोट क्षणभर हिरवं झालं. त्यांना मजा वाटली नाही आणि भीतीही वाटली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच केलं. तिसऱ्याही दिवशी.

चौथ्या संध्याकाळी खाली येत असलेलं विमान एकाएकी नाक वर करून परत आभाळात गेलं. असं त्यांनी क्वचितच पाहिलं होतं. ते बघत राहिले. तासाभरात खाली पोलिसांची गाडी उभी राहिली आणि एक इन्स्पेक्टर धापा टाकत गच्चीवर आला. लेसर काकांच्या हातातच होता.

"काका, हे काय आहे? खेळणं?"

"खेळणं नाही साहेब. हत्यार आहे माझं."

मिस्त्री लोक थापीलाही हत्यारच म्हणतात, पण इन्स्पेक्टरने तो शब्द जसाच्या तसा लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी कागद वाचताना काकांच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "आता हा शब्द पुन्हा तोंडातून काढू नका. विमान धोक्यात आणल्याचा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत आत जाल."

"बरं," काका म्हणाले.

मुलगी धावत आली. तिला वाटलं, बाबांनी रागाने केलं असेल. आजारपणात आईला विमानांच्या आवाजाचा त्रास व्हायचा, म्हणून. तिने खोदून खोदून विचारलं. शेवटी काका म्हणाले, "राग असता तर बरं झालं असतं बाळा. वकीलबाईंना सांगायला काहीतरी मिळालं असतं."

कोर्टात साक्षीला विमानाची सहवैमानिक आली. मुलीच्याच वयाची असेल. जमीन चारशे फुटांवर असताना समोरची सगळी काच हिरवी पेटल्यासारखी झाली, असं तिने सांगितलं. "काचेवर बारीक ओरखडे असतात. त्यांच्यामुळे प्रकाश पसरतो. मला समोरच्या यंत्रांचे काटेही दिसेनात. कॅप्टनने विमान वर घेतलं. आत एकशे बासष्ट माणसं होती." तिच्या उजव्या डोळ्यापुढे तीन दिवस डाग होता आणि सहा आठवडे तिला उडता आलं नव्हतं.

ओरखड्यांवर उजेड कसा पसरतो हे काकांना चांगलं ठाऊक होतं. पॉलिश केलेल्या फरशीवर त्यांनी ते आयुष्यभर पाहिलं होतं. खाली येणारा तो आवाज म्हणजे आत बसलेली माणसं, हे मात्र इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यांनी एकदाच तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

न्यायाधीशांनी विचारलं, "का केलंत?"

"संध्याकाळची ती वेळ जात नव्हती," काका म्हणाले. एवढंच.

दीड वर्षाची शिक्षा झाली. लेसर जप्त झाला. मुलगी रडली. तिला सोबत करायला आलेला जावई आपल्या बुटांकडे बघत राहिला. सहवैमानिक दारातून बाहेर पडताना काका उठून उभे राहिले, पण बोलायची परवानगी नव्हती.

तुरुंगात त्यांना भिंती रंगवायच्या कामाला लावलं. त्यांनी मुकाट्याने रंगवल्या. वागणूक चांगली म्हणून अकरा महिन्यांनी सोडलं. त्या महिन्यांत त्यांना एकदाच रडू आलं. साबणाची वडी हातातून निसटून मोरीत गेली, तेव्हा. पाच मिनिटं रडले, मग तोंड धुतलं आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

सुटल्यावर मुलीने त्यांना आपल्याकडे बोलावलं आणि विमानाचं तिकीट पाठवायला निघाली.

"नको," ते फोनवर म्हणाले.

"बाबा, विमानात बसू नका असं कुणी सांगितलंय का तुम्हाला?"

"नाही सांगितलं. पण बसने येतो."

"चौदा तास लागतील."

"लागू देत."

पहाटे ते मुलीच्या दारात पोचले. तिने चहा ठेवला. काका हातपाय धुवायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत, म्हणून ती बघायला गेली. ते उकिडवे बसून फरशीवरून हात फिरवत होते.

"पाणी साचतंय इथे."

"वर्षभर साचतंय बाबा."

"उतार उलटा दिलाय," ते म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी उखडून बघतो."

मुलगी उंबऱ्यात उभी राहिली. चहा उतू गेल्याचा आवाज आला, तरी ती हलली नाही.