बिनकठड्याचा पलंग

टोकरखाड्यातला तो वेल्डर मला क्लासला जाता-येता रोज दिसायचा. तयार पलंगावर थाप मारून गिऱ्हाइकाला सांगायचा, "हत्ती झोपवा!"

माझ्या चार आणि सहा वर्षांच्या भावंडांसाठी स्वस्तातला दुमजली पलंग बघायला मी बाबांबरोबर गेले. वरच्या मजल्याला कठडाच नव्हता. विचारलं मी, पण त्याने उत्तर दिलं बाबांना, "काही व्हत नाही, साहेब. सवय पडते पोरांना."

मागच्या खोलीत त्याची दोन मुलं जमिनीवर गादी टाकून झोपली होती.

"ती का खाली?" मी विचारलं.

"लहान आहेत ना, ताई. पडतील."

माझं डोकंच फिरलं. "आमचीही लहानच आहेत. कठडा लावा!"

तो टेप घेऊन आला. कठड्याची उंची मात्र त्याने बाबांनाच विचारली.