भिंगरीताईचं औषध

आमच्या प्रयोगशाळेतल्या स्टुलांचा भिंगरीताईशी कधी संबंध आला नाही. ती उभ्याने जेवायची, उभ्याने वाचायची, फोनवर बोलताना बेसिनपासून दारापर्यंत फेऱ्या मारायची आणि त्या फेऱ्यांत दोन-चार बाटल्यांच्या जागा बदलून ठेवायची. मग आम्ही त्या शोधत बसायचो. "ताई, बस ना थोडी," म्हटलं तर म्हणायची, "बसलं का बूड जड होते मंग." नाव तिचं वेगळंच होतं, पण आम्ही सगळ्यांनी तिला भिंगरी केलं आणि तिनेही ते हसून घेतलं. तिच्या शेजारी काम करताना माझाही जीव उगाच वरखाली व्हायचा. घरी गॅस बंद केला की नाही, असं दिवसभर वाटत राहायचं.

ती किन्हीराजाची, मी शेजारच्याच मालेगावची. अमरावतीच्या त्या फार्मसी कॉलेजात एवढी ओळख आम्हाला बहिणी व्हायला पुरली. तिच्या घरचा भाजीपाला आमच्याच बाजारात यायचा. कोण जाणे, त्यांचीच वांगी खाऊन मी मोठी झाले असेन. पहिल्याच दिवशी तिने मला उभं-आडवं न्याहाळत विचारलं, "काहून आली अथी? डिग्रीसाठी का कामासाठी?" मी काही बोलायच्या आतच, "मी मायच्या बोटांसाठी आली," एवढं बोलून ती निघूनही गेली.

तिच्या आईला संधिवात होता. बोटं सुजून अशी वाकली होती की गाईची धार काढणं सुटलं, मेथीची जुडीही हातात धरवेना. गोळ्यांनी सूज उतरायची, पण पोटात आग पडायची; कारण ते औषध अंगभर फिरतं आणि दुखऱ्या सांध्यापर्यंत त्यातलं थोडंच पोचतं. ताईचं सगळं काम या एका अडचणीभोवती होतं. कुठे सूज आली की शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी आपणहून तिकडे धावतात. त्या पेशींचं बाहेरचं पातळ आवरण काढायचं आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या औषधाच्या कणांवर चढवायचं. मग शरीराला तो कण आपल्यातलाच वाटतो, ते त्याला हाकलत नाही, आणि सुजेची वाट त्या आवरणाला आधीच ठाऊक असते. ऐकायला सोपं आहे. करताना नाकी नऊ येतात.

पेशी फोडून आतलं सगळं टाकून द्यायचं. उरलेलं आवरण आणि औषधाचे कण एकत्र करून, मधल्या बारीक छिद्रांच्या पडद्यातून दोन सिरिंजांनी इकडून तिकडे ढकलत राहायचं. हे हाताने आणि अगदी सावकाश करावं लागतं, आणि ते काम देवाने नेमकं भिंगरीच्या गळ्यात घातलं होतं. "हळू दाब पोरी, पडदा फाटन," असं मला दटावायची आणि स्वतः घाई करून तो फाडायची. एकदा घरून फोन आला की मायला आता पाण्याचा तांब्याही उचलवत नाही. त्या दिवशी तिने एकामागून एक पडदे फाडले आणि मोठ्या कष्टाने वाढवलेल्या पेशी वाया घालवल्या. आमच्या गाईड सरांनी न रागावता नवे पडदे मागवून दिले, त्याचंच तिला जास्त लागलं. तेव्हापासून ती ओठ दाताखाली धरून सिरिंज दाबायची.

शेवटी उंदरांवर जमलं. पंजा सुजलेल्या उंदराला साधे कण दिले तर ते यकृतात जाऊन बसायचे. आवरण घातलेले कण मात्र, त्यांत मिसळलेल्या रंगामुळे, सुजलेल्या पंज्यातच चमकताना दिसले. आम्ही टाळ्या पिटल्या. ताई म्हणाली, "उंदराचं झालं. मंग आता?" पुढच्या कामासाठी तिला पुण्यात जागा मिळाली होती. जाण्याआधी मायला सगळं सांगायला म्हणून ती गावी निघाली आणि मलाही ओढून घेऊन गेली.

माय ओसरीवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ताई तिच्यासमोर फेऱ्या मारत सांगू लागली. "माय, वासरू मेलं का त्याच्या कातड्यात भुसा भरून गाईपुढं ठेवतो ना आपण, अन् गाय पान्हा सोडते? तसंच करून राह्यलो आमी. औषधाले पेशीचं कातडं घालतो. अंगाले समजतच नाई."

माय हसली. "गाईले समजते बाई. मी लय गाई पाह्यल्या. तिले समजते, पण चाटल्याबिगर तिले राहवत नाई."

मग तिने सरळ विचारलं, "मले कवा भेटन हे?"

मला वाटलं, ताई आता नेहमीसारखं 'होते माय, लवकरच होते' म्हणेल. आजवर ती फोनवर हेच म्हणत आली होती.

"तुले नाई भेटत माय," ती म्हणाली. "उंदरापासून माणसापर्यंत जायाले लय वर्सं लागतात. तवापर्यंत..."

"ठाऊक हाय मले," माय म्हणाली. "तू 'होते, होते' म्हणत गेली अन् मी हो म्हणत गेली. तुह्या तोंडून आयकाले बरं वाटे. तू जाय पुण्याले. माह्यासाठी थांबू नको. कोणाच्या तरी मायले भेटन."

मला रडू आलं, आणि रागही आला. कोणाचा राग ते मला आजही सांगता येत नाही.

सकाळी निघताना मायने भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. कोणालाही हात लावू दिला नाही. त्या बोटांनी गाठ मारायला तिला इतका वेळ लागला की बस चुकते की काय म्हणून मी दारात घुटमळत राहिले. बसमध्ये मला सपाटून भूक लागली. "ताई, सोड ना ते," मी म्हटलं. "राहू दे," एवढंच ती म्हणाली. मालेगावला पुण्याची गाडी लागलेलीच होती. ती गाठोडं छातीशी धरून चढली, आणि मी उपाशीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. "ताई, भाकरी खाल्ली का?"

पलीकडे तिच्या फेऱ्या चाललेल्या ऐकू येत होत्या, त्या थांबल्या. मग ती म्हणाली, "नाई ना. ते गाठच सोडवत नाई मले."