मामंजींचं चुंबक

सासऱ्यांना आमच्याकडे मामंजी म्हणायची रीत. देवासच्या कारखान्यात मोटारी जुळवण्यात त्यांची उमर गेली, आणि निवृत्तीनंतर त्यांना चुंबकाचं वेड लागलं. चुंबक लावलेल्या पन्हाळीतून बी घरंगळत सोडलं की पीक दुप्पट येतं, असं ते भेटेल त्याला ऐकवत. "भिया, करके तो देखो." मला हा माणूस आवडत नव्हता आणि ते मी कधी लपवलंही नाही.

माझं शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नाला वर्ष झालं असेल, तेव्हा शेतीसाठी जिवाणूंची पाकिटं बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेतून मला नोकरीचं पत्र आलं. सप्टेंबरात रुजू व्हायचं होतं. किडे पाळायला सून आणलेली नाही, असं म्हणून मामंजींनी पत्र परत माझ्याकडे सरकवलं. नवरा शेजारी बसून स्वतःची नखं बघत होता. शेवटी मीच पैज लावली. गावाबाहेरच्या त्यांच्या तुकड्यात सोयाबीन पेरायचं, अर्ध्यात चुंबकाचं बी, अर्ध्यात माझ्या जिवाणूंचं. ऑगस्टात माझं पीक सरस दिसलं तर मी नोकरीला जाणार. नाही ठरलं तर पुन्हा विषय काढायचा नाही.

मी दोन पाकिटं आणली. एकातली काळी भुकटी गुळाच्या गार पाण्यात कालवून बियांना चोळली आणि बी सावलीत सुकवलं. दुसरं पाकीट माठाखाली गारव्याला ठेवलं. पेरणीनंतर पाहते तर ते नाहीसं. सासूबाईंनी माती समजून केरात टाकलं असणार, असं धरून मी त्यांच्यावर नको तेवढी डाफरले.

ऑगस्टात दोन्हीकडचं पीक सारखंच हिरवंगार. मामंजी बांधावर उभे राहून मिशीतल्या मिशीत हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांच्या ओळीतलं एक रोप मुळासकट खणलं. मुळांना गाठी लगडल्या होत्या. एक नखानं फोडली, आतून गुलाबी निघाली, म्हणजे आत जिवाणू जिवंत होते. त्या जमिनीत आजवर ज्वारीखेरीज काही पेरलेलं नव्हतं. या गाठी माझ्या पाकिटाशिवाय येणं शक्य नव्हतं.

"माझं दुसरं पाकीट तुम्ही घेतलंत," मी म्हणाले.

"घेतलं. हारलो असतो तर कॉलनीत काय तोंड दाखवलं असतं?" ते माझ्याकडे बघतही नव्हते. "पण तू तरी कुठे जिंकलीस, सूनबाई? बराबरी झाली. नोकरी-बिकरी काही नाही."

म्हणजे त्या चुंबकावर त्यांचा स्वतःचाच भरवसा नव्हता, आणि त्याच्या जिवावर ते मला जन्मभर घरात बसवायला निघाले होते. त्या दिवशीचा संताप अजून उतरलेला नाही.

घरी येऊन आधी सासूबाईंची माफी मागितली. मग पन्हाळीचं चुंबक उपटलं आणि नोकरीचं पत्र त्यानंच लोखंडी कपाटावर लावलं, मामंजींच्या खुर्चीसमोर.

ते पत्र काढायला उठले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "राहू द्या. पहिल्यांदाच त्या चुंबकाचा काही उपयोग झालाय."