चहा न सांडणारी घोडी

आमच्या धाकट्या दिरांचा सकाळचा चहा घोडीवर व्हायचा. नव्या माणसाला ही थट्टा वाटते, पण आमच्या घरात ती रोजची रीत होती. ओट्याला घोडी लावायची, दिरांनी ओट्यावरून तिच्या पाठीवर सरकायचं, आणि ते नीट बसले की मी आतून चहाचा कप आणून त्यांच्या हातात द्यायचा. आधी चहा पिऊन मग का बसत नाहीत, असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, बसताना इतकं दुखतं की त्याच्यावर गरम काहीतरी लागतंच. घोडी गल्लीतून निघायची, हे घोट घोट प्यायचे, आणि गल्ली संपते तिथल्या आडाच्या कठड्यावर रिकामा कप ठेवून पुढं जायचे. आडाचं पाणी आता कुणी भरत नाही, नळ आले. मी मात्र रोज आडावर जायची, कपासाठी.

विहिरीच्या कामावर दीर पडले होते. खुब्यात सळई घातली. त्यानंतर एका कोसावरचं शेत त्यांना परमुलखासारखं झालं. माझ्या मुलानं एकदा त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून नेलं, तर दर खड्ड्याला सळई आतून टोचली. बैलगाडीत त्याहून वाईट. दोन वर्षं हा माणूस ओट्यावर बसून होता. आल्यागेल्याला विचारायचा, "आमच्या बांधावरच्या आंब्याला मोहर आला का हो?" बायको-लेकरं नसलेल्या माणसाचं सगळं चित्त त्या शेतात, आणि ते शेत त्यानं लोकांच्या तोंडून ऐकायचं.

घोडी मुलानं हौसेनं आणली होती, वरातींना द्यायला. तेव्हा ती शिंगरू होती. घरी एकटी राहिली की खिंकाळून गल्ली डोक्यावर घ्यायची, म्हणून मी तिला बैलगाडीच्या मागं बांधून शेतात न्यायची. बैलांच्या मागं चालून चालून तिच्या पायात बैलांची चाल उतरली, असं माझं आजही मत आहे. वरातीत तिचं काही जमलं नाही. ताशा वाजला की दुसऱ्या घोड्या नाचतात, ही आपली भजनाला निघालेल्या म्हातारीसारखी सावकाश. नवरदेवाचे मित्र वैतागले, मुलगाही वैतागला.

अशात एका सकाळी दीर म्हणाले, "वहिनी, हिला जरा ओट्याला लावा बरं."

"पडाल, भावजी."

"पडून झालंय की. आता अजून कुठं पडतो?"

ते बसले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. उतरले नाहीत. तसेच शेताकडं गेले.

त्या घोडीची चाल शब्दांत सांगणं अवघड आहे. दुडक्या चालीनं घोडा निघाला की वर बसलेला माणूस सुपातल्या दाण्यासारखा उसळतो. हिची दुडकीसुद्धा अशी हळू की पाठ हलायची नाही. मान पाठीच्या रेषेत, ना वर ताणलेली, ना खाली पडलेली. लगाम नुसता गळ्यावर लोंबत असायचा. चार पाय चार वेळा वाजायचे, एकसारखे. मी भाकरी थापताना आवाज ऐकून सांगायची की घोडी आता कुठल्या घरापुढं आहे.

पुढं तीन-चार वर्षांनी मुलानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातली स्पर्धा. मोठ्या काठाच्या टोप्या घातलेली माणसं घोड्यांवर बसून गोल मैदानात अगदी सावकाश फिरत होती. ज्याचा घोडा सगळ्यात निवांत, मोकळ्या लगामावर चालतो, त्याचा पहिला नंबर.

"काका, बघा. आपल्या घोडीची चाल! तिकडं ह्याला बक्षीस हाय."

दिरांनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला. "काही काही घोड्यांनी माना लईच खाली घातल्यात. चार आणे हरवल्यासारख्या."

आमच्या शेजारच्या गावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या चालीची स्पर्धा होते. स्वारानं तळहातावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला घेऊन अंतर कापायचं, ज्याचं पाणी कमी सांडेल तो जिंकला. मुलानं ठरवलं की यंदा घोडी उतरवायची. वरातीत ज्यांनी नावं ठेवली त्यांना दाखवायचं होतं, हे त्यानं सांगितलं नाही, पण आईला कळतं.

दिरांनी हो म्हणायला दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "ने. पण जशी नेतो तशी परत आण. तिची चाल गेली तर माझं शेत गेलं, एवढं ध्यानात ठेव."

मुलगा म्हणाला, "काही होत न्हाय, काका."

शिकवायला त्यानं मुरुम गावाकडचा एक चाबुकस्वार आणला. घोड्यांना चाल शिकवण्यात त्याचा जन्म गेलेला. आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. पांढरी दाढी, पायात कातडी बूट, आणि हातातला चाबूक त्यानं आमच्याकडं असेपर्यंत एकदाही उगारलेला मी पाहिला नाही. पहिल्या दिवशी त्यानं घोडीला नुसतं चालवलं आणि तो तिच्या बाजूनं चालत राहिला, कान तिच्या पायांकडं.

"काकू, ये चाल शिकवून येत न्हाई. जन्मतः हाय."

मी म्हटलं, "जन्मतः कशाची? बैलांमागं चालून आली."

"बैलांमागं तुम्हीपण चालल्या असाल की जिंदगीभर. तुम्हाला आली का?"

दीर ओट्यावरून हसले ते खुबा धरून.

उस्ताद म्हणाला की हिला फार शिकवायचं नाही. गर्दीत, वाजंत्रीत हीच चाल टिकली पाहिजे, एवढंच काम. रोज सकाळी दीर शेतावरून आले की तो घोडी माळावर न्यायचा. जोरात चालली की थांबवायचा, चार पावलं मागं घ्यायचा, पुन्हा सोडायचा. ओरडणं नाही, ओढणं नाही. आठवडाभर सगळं ठीक चाललं.

चूक झाली ती माझी.

पोळ्याच्या आधी आम्ही बैलांना खुराक देतो. भिजवलेले हरभरे, गूळ, थोडं तेल. पंधरा दिवसांत बैलाचं अंग चकाकतं, आणि बैल जड होतो, निवांत होतो. पोळ्याला आपलं जनावर चार जणांपुढं हाडं दाखवत जाऊ नये, एवढी एकच गोष्ट मला सासूनं जन्मभर शिकवली. आता घोडी तर अख्ख्या यात्रेपुढं जाणार. उस्तादानं तिला कडबा, गवत आणि मूठभर दाणा, एवढंच ठरवून दिलं होतं. ते मला कंजूषपणाचं वाटलं. दुपारी मुलगा शेतावर गेला आणि दीर आत आडवे झाले की मी मापटंभर भिजलेले हरभरे आणि गुळाचा खडा तिच्यापुढं ठेवायची. ती हातसुद्धा चाटायची. अंग खरंच चकाकायला लागलं. मुलगा म्हणाला, "आई, उस्तादाच्या हाताला गुण हाय." मी मनातून खूश होते.

खुराकाच्या दहाव्या दिवशी सकाळी नेहमीसारखा कप दिला. घोडी निघाली आणि तिसऱ्या घरापुढंच थांबली. दिरांच्या धोतरावर चहा सांडला होता.

"वहिनी, आज जास्त भरला का?"

"व्हय," मी म्हटलं. "आज जास्तच झाला."

दुसऱ्या दिवशी मी कमी भरला. तरी सांडला. कान ताठ, मान वर, पाय असे टाकायची की जणू जमीन तापलेली आहे. लगाम आता गळ्यावर लोंबत नव्हता, कप मला परत देऊन दीर तो दोन्ही हातांनी धरून बसले. तिसऱ्या दिवशी ते ओट्यावरून म्हणाले, "आज न्हाय जात." मी चहा त्यांना ओट्यावरच दिला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला, दोन वर्षांच्या बसण्यात प्यायचे तसा.

उस्ताद विचारात पडला. माळावर त्यानं तिला गोल फिरवलं, पाय उचलून खूर पाहिले, दात पाहिले. मग अंगणात आला आणि मला विचारलं, "काकू, दाणा किती देता?"

"तुम्ही सांगितला तेवढाच."

"जास्त न्हाई ना?"

"न्हाय हो. कशाला जास्त देऊ?"

तो विश्वासानं मान हलवून गेला. माझ्या तोंडातून ते खोटं कसं निघालं मला माहीत नाही. म्हाताऱ्या बाईला, चाळीस वर्षं जनावरं सांभाळलेल्या बाईला, खुराक कळला नाही असं कबूल करायची लाज वाटली, दुसरं काही नाही.

उस्ताद मुलाला म्हणाला की दाणा तोच आहे, तर दोष पायात शिरला. आता दोरी लावावी लागेल. दोरी म्हणजे काय ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय सुती दोरीनं जोडायचा, म्हणजे जनावराला लांब, झपाट्याचं पाऊल टाकताच येत नाही. दोरी जेवढं देईल तेवढंच चालायचं. "मला आवडत न्हाई," उस्ताद म्हणाला. "बांधून आणलेली चाल दोरी सुटली की जाते. पण यात्रा तोंडावर हाय."

मुलगा म्हणाला, "बांधा."

दीर ओट्यावर बसून बघत राहिले. घोडी पाऊल टाकायला जायची, दोरी ताणायची, ती अर्ध्यात थांबायची आणि मागं वळून दोरीकडं बघायची. तीन दिवस असं चाललं. तेवढे दिवस मी दुपारचे हरभरे बंद केले होते, पण अंगातला जोर एवढ्यात थोडाच उतरतो. चौथ्या दिवशी ती अंगणातच दोन्ही गुडघ्यांवर आली. उठली तेव्हा दोरीखालची कातडी निघाली होती.

दीर ओट्यावरून उतरायला लागले. एकटे. मी धावले, तोवर ते भिंत धरून उभे होते आणि मुलाला म्हणत होते, "सोड तिला. मी न्हाय जात शेताला. बसतो इथंच. पण सोड तिला."

तेव्हा मी बोलले. सगळ्यांसमोर. "दोष पायात न्हाय. मी रोज मापटंभर हरभरे घातलेत. अन् गूळ."

मग उस्तादानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"गूळपण?"

"गूळपण."

"काकू, बैल खाऊन झोपतो. घोडा खाऊन नाचतो." एवढंच म्हणाला आणि खाली बसून दोरी सोडायला लागला. तो मला एक शब्द वाईट बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मुलगा बाहेर निघून गेला. दीर परत ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "वहिनी, एवढी वर्षं झाली, मला कधी गूळ-हरभरे घातले न्हाईत."

यात्रेला घोडी गेली नाही. उस्तादानंच नाही म्हटलं. मुलगा नुसता बघायला गेला, आणि आल्यावर म्हणाला की जिंकलेल्या घोडीचंही अर्धं पाणी सांडलं होतं. दोन दिवस तो माझ्याशी तुटक बोलत होता, मग बोलायला लागला. जाताना उस्तादानं सांगितलं होतं: जखमेला हळद-तेल, सुका कडबा, आणि तिला पुन्हा बैलगाडीच्या मागं बांधून न्या. बैलांचं श्रेय त्यानं मला तेव्हा दिलं, की माझी समजूत काढली, कोण जाणे.

महिनाभर मी तिला गाडीमागं नेलं. मान हळूहळू खाली आली. लगाम पुन्हा गळ्यावर लोंबायला लागला. मग एका सकाळी दिरांनी सांगितलं, "लावा ओट्याला."

ते आता रोज शेताला जातात. चाल परत आली, पण सगळी आली असं म्हणवत नाही. दोरी होती त्या बाजूचा मागचा पाय जरा आखडता पडतो, चार आवाजांतला एक आवाज उशिरा येतो. भाकरी थापताना मला तो ऐकू येतो. म्हणून मी कप दोन बोटं कमी भरते. दिरांच्या ते लक्षात आलं असणार, पण त्यांनी कधी विचारलं नाही. आडाच्या कठड्यावर कप सापडतो तेव्हा तो बाहेरून कोरडा असतो, आणि कठड्यावर चहाचा डाग नसतो. मी रोज आधी तेवढं बघते.